डिझेल ट्रकमधील 'हंटिंग' आणि इंधनपुरवठ्याचे निदान : पिंपरी-चिंचवड परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :

पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक इतिहासाची मांडणी बहुधा कारखान्यांच्या स्थापनेपासून सुरू होते आणि उत्पादनाच्या आकड्यांपाशी थांबते. 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, 1966 साली टेल्कोचा पुणे प्रकल्प, 1982 साली महानगरपालिका, हा क्रम अभ्यासकांना परिचित आहे. परंतु कारखान्यातून बाहेर पडलेला ट्रक पुढे वीस-पंचवीस वर्षे कोणाच्या ज्ञानावर चालत राहिला, हा प्रश्न या मांडणीत क्वचितच उपस्थित होतो. या दृष्टीने पवनाकाठच्या पिंपळे गुरवचे स्थान लक्षणीय आहे. नदीपलीकडे दापोडीला राज्य परिवहन महामंडळाची मध्यवर्ती कार्यशाळा, नाशिक फाट्याजवळ 1967 साली स्थापन झालेली 'सीआयआरटी' ही रस्ते वाहतुकीची केंद्रीय संस्था आणि पिंपरीला ट्रकचा कारखाना. वाहन घडविणे, त्याचा अभ्यास करणे व ते दुरुस्त करणे या तिन्ही गोष्टी येथे काही किलोमीटरच्या अंतरात नांदल्या. प्रस्तुत लेखात जुन्या डिझेल ट्रकच्या एकाच बिघाडाच्या आधारे यांपैकी तिसऱ्या गोष्टीचा विचार केला आहे. अॅक्सिलरेटरवर पाय नसतानाही इंजिनाची गती लयीत चढत-उतरत राहते, त्या बिघाडाला गॅरेजमध्ये 'हंटिंग' असे म्हणतात.

बिघाडाची पूर्वपीठिका :

हा दोष डिझेल इंजिनापेक्षा जुना आहे. जेम्स वॅटने 1788 मध्ये वाफेच्या इंजिनास फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर जोडला. गती वाढली की गोळे बाहेर फेकले जात व वाफ कमी होई. मात्र हा प्रतिसाद उशिरा किंवा गरजेपेक्षा अधिक मिळाला की इंजिन स्थिर होण्याऐवजी हेलकावे खाऊ लागे. 1868 मध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेलने 'ऑन गव्हर्नर्स' या निबंधात या अस्थिरतेची गणिती मीमांसा केली. पुढे 1927 पासून जर्मनीतील बॉश कंपनीने डिझेल पंपाचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केल्यावर ट्रकच्या इंजिनातील गतिनियंत्रण आणि इंधनाचे मोजमाप या पंपाभोवती एकवटले.

भारतात हे तंत्र दोन वाटांनी आले. 1951 साली बंगळूर येथे बॉशच्या सहकार्याने 'मायको' कंपनी स्थापन झाली, तर 1954 साली टेल्कोने डाइम्लर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बनविण्यास प्रारंभ केला. हा करार 1969 मध्ये संपला. पुण्याच्या प्रकल्पातून पहिले व्यापारी वाहन 1977 मध्ये बाहेर पडले आणि 1986 मध्ये '407' हे हलके वाहन आले.

निदानाची रीत :

हंटिंग ऐकताच अननुभवी माणूस गव्हर्नरला दोष देतो. जाणता फिटर मात्र टाकीपासून सुरुवात करतो, आणि त्यामागे भक्कम कारण आहे. टाकीतून फीड पंपापर्यंतच्या नळीत इंधन ओढले जाते, म्हणजेच तेथील दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. त्यामुळे या भागात एखादा वॉशर बसका झाला किंवा नळीला बारीक चीर पडली, तर डिझेल सहसा बाहेर गळत नाही. उलट हवा आत शिरते. गळती डोळ्यांना दिसत नाही, आणि नेमकी हीच गोष्ट नवख्याला चकवते. हवा दाबली जाते, डिझेल जवळजवळ दाबले जात नाही; म्हणून बुडबुडा आला की नोझलमधून कमी इंधन जाते, गती उतरते, गव्हर्नर इंधन वाढवितो आणि बुडबुडा सरताच गती चढते. 600 फेऱ्यांवर चालणाऱ्या चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक नोझल मिनिटाला 300 वेळा फवारा मारते, हे ध्यानात घेतल्यास थोड्या हवेचा परिणाम एवढा का जाणवतो ते कळते.

ट्रकने 'एअर घेतली' आहे की नाही हे पाहण्यासाठी फिल्टरवरील स्क्रू सैल करून हँड प्रायमर मारला जातो. फेस येत राहिला तर दोष ओढीच्या बाजूस. चढावर ताकद तुटते, पण रिकामा ट्रक नीट चालतो, तेव्हा संशय तुंबलेल्या फिल्टरवर जातो. टाकीच्या झाकणाचे छिद्र बुजले असेल तर झाकण सैल करताच इंजिन सावरते. या तपासणीस एक पैसाही लागत नाही. एवढे झाल्यावरच पंपाची रॅक अडकते का, हे पाहायचे. वायुदाबावर चालणाऱ्या गव्हर्नरमध्ये चामड्याचा पडदा सुकून तडकला तरी हीच लक्षणे दिसतात.

सीलची सीमारेषा :

यापुढे रस्त्यावरच्या फिटरचा अधिकार संपे. पंपाच्या कमाल इंधनाचे व गतीचे स्क्रू तार आणि शिशाच्या सीलने बंद केलेले असत. ते उघडून पंप चाचणी-यंत्रावर चढविणे, प्रत्येक नळीखालच्या काचनळीत पडणारे डिझेल मोजणे व सर्व नळ्या समान करणे हे कॅलिब्रेशन करणाऱ्या 'पंपवाल्याचे' काम. सील हे केवळ तांत्रिक साधन नव्हते, तर ज्ञानाची वाटणी करणारी रेषा होती. कानाने व बोटांनी होणारे निदान रेषेच्या एका बाजूस, मोजमापाने होणारे दुसऱ्या बाजूस. आणि लेखी नोंद दुसऱ्याच बाजूची राहिली. वास्तविक पंप विनाकारण उतरविला जाऊ नये, मालकाचा खर्च व चालकाची खाडे-दिवसांची मजुरी वाचावी, हे पहिल्या बाजूवरच अवलंबून होते.

पंप खरोखरच झिजलेला निघे, तेव्हा कारण अनेकदा यंत्राबाहेर असे. डिझेलच पंपाच्या प्लंजरला वंगण पुरविते. त्यात रॉकेल मिसळले की वंगण घटते. या भेसळीमागील हितसंबंध किती हिंस्र होते, हे 25 जानेवारी 2011 रोजी मनमाडजवळ अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांच्या हत्येने महाराष्ट्राने पाहिले.

उत्सर्जनाच्या नियमांनी ही सीमारेषा सरकविली. पुण्यात 2005 पासून भारत स्टेज-3 व 2010 पासून भारत स्टेज-4 लागू झाले आणि एप्रिल 2020 पासून देशभर भारत स्टेज-6 आले. नव्या ट्रकमध्ये गव्हर्नरचे काम इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाकडे गेले, सीलची जागा सॉफ्टवेअरने घेतली व निदानासाठी स्कॅनर आला. मात्र ओढीच्या नळीत शिरणारी हवा स्कॅनरला दिसत नाही. दाब अपुरा असल्याचा कोड तेवढा तो दाखवितो. तो दाब का पडला हे शोधण्यासाठी नळीत पारदर्शक तुकडा जोडून बुडबुडे पाहावे लागतात.