पुराची वर्दी

कृष्णाकाठच्या माणसाला पूर नवा नाही. आजोबांनी पाहिला, वडिलांनी पाहिला, आपणही पाहिला. नवी आहे ती पुराची वर्दी. ती घरापर्यंत कशी आली, आणि आल्यावर आपण तिचे काय केले, हे वाचकहो, आज थोडक्यात पाहू.

जुनी रीत आपल्याला ठाऊक आहेच. नदी फुगली की गावात दवंडी पिटायची. तारायंत्र आल्यावर वरच्या गावची बातमी खाली लवकर पोचू लागली, पण ती पोचायची कचेरीत. तुमच्याआमच्या ओसरीवर नव्हे. १८७५ साली हवामान खाते स्थापन झाले आणि १९२८ साली त्याची मुख्य कचेरी सिमल्याहून पुण्यास आली. आभाळाचा हिशेब आता शेजारीच मांडला जाऊ लागला. तो घरात यायला मात्र रेडिओच लागला. शेतकऱ्यांसाठी हवामानाची बातमीपत्रे रेडिओवरून सुरू झाली ती १९४५ साली.

पुढे १९५३ साली पुण्याचे केंद्र निघाले. १९५६ साली या केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत एक प्रयोग केला. त्यांत उत्तर सातारा, म्हणजे आजचा सातारा जिल्हा, होता. गावकरी संचाभोवती जमायचे, कार्यक्रम ऐकायचे, आणि संच बंद झाला की खरे काम सुरू व्हायचे: ‘हे ऐकलं खरं; आता आपल्या गावात याचं काय करायचं?’ ही दुसरी गोष्ट लक्षात ठेवा. दक्षिण साताऱ्याचे नाव १९६० साली सांगली झाले आणि १९६३ साली सांगलीतच आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरले. पावणेदोनशेच्या आसपास माणसे गेली. त्या भूकंपाची वर्दी कोणताही रेडिओ देऊ शकला नसता. ते शास्त्र आजही साधलेले नाही. पुराचे तसे नाही. पाटण तालुक्यात धरणातून सोडलेले पाणी कऱ्हाडला कृष्णेला मिळते आणि सांगलीला पोचायला त्याला काही तास लागतात. ते तास हीच आपली दौलत.

मग माशी शिंकते कुठे? २०१९ च्या ऑगस्टातली गोष्ट सांगतो. माझ्या आत्यांच्या घरात भिंतीवर २००५ च्या पुराची रेघ आहे. त्या वर्षी सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी सुमारे ५४ फुटांवर गेले होते. मी फोन केला तेव्हा आत्या म्हणाल्या, “अरे, एवढं आलं होतं. त्याच्या वर येतंय होय?” सामान रेघेच्या वर चढवून त्या निर्धास्त बसल्या. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्याही वर गेले. वीज गेली, फोन बंद पडला. कपाटात जुना ट्रान्झिस्टर होता, पण त्यात सेल नव्हते. दुसऱ्या दिवशी आत्यांना माडीवरून नावेत उतरवावे लागले. त्या वाचल्या. ८ ऑगस्टला ब्रह्मनाळला नाव उलटली आणि बाहेर पडू पाहणारी माणसे बुडाली. वर्दी कानावर पडते आणि पाय उशिरा निघतो, तेव्हा नावेवर भार पडतो.

आत्यांना मी दोष देत नाही. ‘एक लाख क्युसेक’ म्हणजे सेकंदाला अठ्ठावीस लाख लिटर पाणी. पण हा आकडा ऐकून आपल्या उंबऱ्याशी किती येणार हे कोण सांगणार? ते गणित घरानेच आधी करून ठेवायचे असते. आयर्विनपाशी किती फूट झाले की आपल्या गल्लीच्या तोंडाशी पाणी येते, हे शेजारच्या जाणत्याला विचारा आणि दाराआड लिहून ठेवा. तो आकडा गाठायच्या आधीच निघायचे, हेही तिथेच लिहा. मागच्या पुराची रेघ ही मागच्या पुराची आहे. पुढच्या पुराने तिला मान दिला पाहिजे असा काही करार नाही.

अमेरिकेत हवामानाच्या सूचनांसाठी खास रेडिओ मिळतात. ते एरवी गप्प असतात आणि धोका आला की आपोआप ठणाणा करतात. आपला साधा संच तसा वाजत नाही. त्याचा कान आपल्यालाच पिळावा लागतो. म्हणून पावसाळ्यात त्यात ताजे सेल घाला, दोन जादा सेल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवा, आणि बातम्या ऐकायचे काम घरातल्या एकाकडे सोपवा. फोनवर सूचना येतात, त्या चांगल्याच. पण वीज गेल्यावर फोन किती वेळ साथ देतो, हे २०१९ ने दाखवले.

आणि संच बंद केल्यावर १९५६ च्या त्या गावकऱ्यांसारखा एकच प्रश्न विचारा: हे ऐकलं खरं, आता आपण काय करायचं? आत्यांच्या भिंतीवर आता दोन रेघा आहेत. दाराआड एक आकडा आहे. आणि ट्रान्झिस्टर कपाटातून खुंटीवर आला आहे.