घरातील साक्ष : बेने इस्रायल स्थलांतराचा इतिहास आणि कुटुंबीयांच्या मुलाखती

कोकण किनाऱ्यावर शतकानुशतके राहिलेल्या बेने इस्रायल समाजाचे इस्रायलमधील स्थलांतर हा आधुनिक महाराष्ट्राच्या इतिहासातील काहीसा उपेक्षित विषय होय. तेल गाळण्याचा व्यवसाय करणारे, परंतु शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनवार तेली' या नावाने ओळखला गेलेला हा समाज पुढे मोठ्या प्रमाणात मुंबईत स्थिरावला. १९४८ मध्ये इस्रायलची स्थापना झाली, १९५० मध्ये तेथे परतीचा कायदा संमत झाला आणि नंतरच्या काही दशकांत समाजातील बहुसंख्य कुटुंबे तिकडे गेली. या स्थलांतराची कागदपत्रे आहेत. त्यांतून किती लोक गेले हे समजते. मात्र जाण्याचा निर्णय घरात कोणी घेतला, कोणाचा त्यास विरोध होता, हे समजत नाही. त्यासाठी वृद्ध कुटुंबीयांच्या मुलाखतींकडेच वळावे लागते.

तथापि, या साधनाची एक मूलभूत अडचण आहे. प्रश्न विचारणारा नातू असेल, तर उत्तर देणारी प्रथम आजी असते आणि नंतर साक्षीदार. नातवाला ज्या देशात आयुष्य काढावयाचे आहे, त्या देशाने आपल्याला कसे वागविले हे सांगताना ती हात राखून बोलते. १९५१-५२ मध्ये भेदभावाची तक्रार करीत काही बेने इस्रायल कुटुंबांनी भारतात परत पाठविण्याची मागणी केली, धरणे धरले आणि १९५२ मध्ये त्यांपैकी अनेकजण परतले. पुढे त्यांच्यातील बरेचसे पुन्हा इस्रायलला गेले. असा दुहेरी प्रवास केलेल्या घरात पहिल्या परतीविषयी मौन पाळले जाणे स्वाभाविक आहे.

विवाहाचा प्रश्न याहून नाजूक होय. इस्रायलमध्ये ज्यूंचे विवाह धर्मपीठाच्या अखत्यारीत येतात. १९६२ मध्ये प्रमुख धर्मपीठाने बेने इस्रायल वधू-वरांच्या वंशाची, आई व आजीपासून शक्य तितक्या मागील पिढ्यांपर्यंत, चौकशी करण्याचा निर्देश दिला. त्याविरुद्ध आंदोलन उभे राहिले. ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने हा समाज सर्वार्थाने ज्यू असल्याचे मान्य केले आणि त्यानंतर निर्देशातील समाजाचा नामोल्लेख वगळण्यात आला. राजकीय इतिहास येथे संपतो. ज्या मुलीच्या आजीचे कुळ तपासले गेले, तिच्या दृष्टीने तो कितपत संपला, हे मात्र तिलाच विचारावे लागेल. आणि ते विचारणे नातवापेक्षा परक्या अभ्यासकाला कदाचित सोपे जाईल.

सांगणाऱ्याने १९५२ व १९६४ ची धरणी एकाच वर्षी घातली, तर ती मुलाखत निरुपयोगी मानावी काय? इटलीतील तेर्नी येथे १९४९ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात मारल्या गेलेल्या कामगाराचा मृत्यू तेथील अनेक कामगार १९५३ च्या संपात घडल्याचे सांगत. आलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी या चुकीलाच पुरावा मानले, कारण त्यातून कामगारांना त्या मृत्यूचा कोणता अर्थ अभिप्रेत होता हे दिसत होते. अर्थात, मूळ तारीख कागदोपत्री निश्चित असल्यामुळेच हे शक्य झाले. मुलाखतीच्या हौशी संग्राहकांना याचा अनेकदा विसर पडतो.

भाषेचाही विचार आवश्यक आहे. हिब्रूत या स्थलांतरास 'आलिया', म्हणजे आरोहण, म्हणतात. त्या शब्दातच गौरव गृहीत आहे. तोच प्रश्न मराठीत विचारल्यास 'आलो', 'सोडले', 'पाठवले' यांपैकी कोणते क्रियापद येते, याची नोंद घ्यावी. पेणकर, रोहेकर, दिवेकर अशी आडनावे लावणाऱ्या घरांतही नातवंडांची भाषा आता प्रामुख्याने हिब्रू आहे. त्यामुळे आजीची मराठी समजणारा आणि तिच्या घरचा नसलेला, असा मुलाखतकार शोधावा लागतो. १९६२ मध्ये विशीत असलेल्या वधू-वरांनी आज ऐंशी ओलांडली आहे.