पास्काच्या मेणबत्तीची कुळकथा

1950 सालापर्यंत कॅथलिक चर्चमध्ये पवित्र शनिवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या दिवशी, एक अजब प्रकार चाले. सकाळची वेळ, खिडक्यांतून ऊन आत आलेलं, बाकांवर मोजकी माणसं, आणि डीकन, म्हणजे पाद्रीच्या खालच्या दर्जाचा धर्मसेवक, लॅटिनमधून गातोय ते अंधार फेडणाऱ्या रात्रीचं स्तोत्र. शेजारी पास्काची, म्हणजे ईस्टरची, भलीमोठी मेणबत्ती पेटलेली. भर उन्हात तिचा उजेड पडणार तरी कुठे? येशूच्या पुनरुत्थानाचा आनंद ज्या जागरणाने सुरू व्हायचा, त्या जागरणाची रात्रच हरवली होती.

मुळात ख्रिस्ती लोक ही अख्खी रात्र जागून काढत. इसवी सन 200च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतला ख्रिस्ती लेखक तेर्तुल्लियन परधर्मी नवरा करण्यातल्या अडचणी मोजताना विचारतो, की ईस्टरला रात्रभर बायको घराबाहेर राहिलेली त्याला खपेल का? जागरण म्हटलं की दिवे आलेच. पण हळूहळू दिव्याची गरज मागे पडली आणि थाट वाढला. चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टन्टाइनने शहरभर मेणाचे उंच खांब पेटवून रात्रीचा दिवस केला, असं त्याचा चरित्रकार युसेबियस सांगतो.

मेणबत्ती आली तशी तिची आरतीही आली. 384 साली इटलीतल्या प्यासेंझाच्या प्रेसिडियस नावाच्या डीकनने असं एक स्तुतिगीत संत जेरोमकडे लिहून मागितलं. जेरोमच्या नावावरचं जे उत्तर आपल्यापर्यंत आलंय, ते चांगलंच फटकारणारं आहे. देवाच्या घरात ही फुलं, कुरणं आणि मधमाश्यांची वर्णनं कशाला? व्हर्जिलची कविता वाचायची ती घरी वाचा, असा एकूण सूर. जेरोम मोठा विद्वान खरा, पण या बाबतीत लोकांनी त्याचं ऐकलं नाही हे बरंच झालं. आज या रात्री गातात त्या ‘एक्सुल्तेत’ स्तोत्रात मेण देणारी माशी अजून आहे. विसाव्या शतकातल्या इंग्रजी भाषांतराने तिला हाकललं होतं; 2011च्या नव्या भाषांतरात ती परतली.

या स्तोत्राचं सगळ्यात देखणं रूप दहाव्या ते तेराव्या शतकात दक्षिण इटलीत घडलं. बारी, बेनेव्हेन्तो, मोन्ते कासिनो इथे ते चर्मपत्राच्या लांब गुंडाळीवर लिहीत. डीकन उंच व्यासपीठावर उभा राहून गाई, आणि गाऊन झालेला भाग कठड्यावरून खाली सोडत जाई. गंमत अशी, की बऱ्याच गुंडाळ्यांत अक्षरं एका बाजूने तर चित्रं बरोबर उलटी. डीकनला ओळी सुलट दिसत. खाली उभ्या असलेल्यांना, ज्यांना ना लॅटिन कळे ना वाचता येई, त्यांना चित्रं सुलट दिसत. त्यात मधमाश्यांची पोळीही रंगवलेली. इंग्लंडमधल्या लोकांनी आकारावर जोर दिला. डरहॅमच्या कॅथीड्रलातली मेणबत्ती इतकी उंच चढवत, की ती छतातल्या भोकातून पेटवावी लागे.

मग रात्र गेली कुठे? उपासाने खाल्ली, असं म्हणायला हरकत नाही. जागरणाच्या शेवटी होणारी मिस्सा, म्हणजे पवित्र भाकरीची उपासना, होईपर्यंत तोंडात काही घालायचं नाही, म्हणून हा विधी मध्यरात्रीवरून संध्याकाळवर, तिथून दुपारवर सरकत आला. 1566मध्ये पोप पायस पाचवे यांनी दुपारनंतरच्या मिस्साच बंद केल्या आणि तो सकाळवर येऊन बसला. 1642मध्ये पोप उर्बन आठवे यांनी पवित्र शनिवार सक्तीच्या सणांच्या यादीतून काढला. कामकरी माणूस शनिवारी सकाळी कामावर. चर्चमध्ये उरले पाद्री आणि रिकामे बाक.

विधींचा अभ्यास करणारी मंडळी बरीच वर्षं पाठपुरावा करत होती. अखेर फेब्रुवारी 1951मध्ये पोप पायस बारावे यांनी जागरण पुन्हा रात्री करायची मुभा दिली, तीही प्रयोग म्हणून. त्या वर्षी 24 मार्चच्या रात्री कित्येक चर्चमध्ये शेकडो वर्षांनी पहिल्यांदाच अंधारात ज्योत पेटली. 1956पासून तो सगळीकडचाच नियम झाला. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लॅटिनची जागा लोकांच्या भाषांनी घेतली, आणि वसईत ही रात्र मराठीत बोलू लागली.

आता अंधार पडल्यावर चर्चबाहेर विस्तव पेटतो. फादर मेणबत्तीवर क्रूस कोरतात, वर ग्रीक वर्णमालेतलं पहिलं अक्षर अल्फा, खाली शेवटचं ओमेगा, चार कोनांत चालू सालाचे चार आकडे. मग धुपाचे पाच खडे खोचतात, येशूच्या पाच घावांचे. आतले सगळे दिवे मालवलेले असतात. मेणबत्ती आत नेताना तीनदा थांबतात, ख्रिस्ताच्या प्रकाशाचा गजर होतो, आणि ज्योत एका हातातून दुसऱ्या हातात जाते. शेजारणीची वात विझली तर आपली कलती करून पेटवून द्यायची, पोरांच्या हातावर मेण सांडू नये म्हणून कागदाची चकती घालायची. ईस्टरआधीच्या उपासकाळात गप्प बसलेला आलेलुया त्याच रात्री परत येतो.

पन्नास दिवस ही मेणबत्ती वेदीपाशी राहते. एरवी ती बाप्तिस्म्याला पेटते आणि अंत्यविधीत शवपेटीजवळ. 1988मध्ये रोमने बजावलंय, की ती दर वर्षी नवी हवी, एकच हवी, आणि खऱ्या मेणाची हवी. तरी बाजारात पांढऱ्या प्लॅस्टिकच्या नळीत तेलाची डबी बसवलेल्या, वर्षानुवर्षं टिकणाऱ्या ‘मेणबत्त्या’ मिळतातच. नळी तीच ठेवायची, आकडे तेवढे बदलायचे.