दिव्याचं फाटक आणि दहा किलोबाइटचा बोर्ड

माझा भाचा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. पावसाळ्यात तो महिनाभर आमच्या दिव्याच्या घरी राहायला आला तो खिशात एक हिरवा बोर्ड घेऊन. टीव्हीच्या रिमोटच्या अर्ध्याएवढा असेल, पाठीला दोन पेन्सिल सेल, एका टोकाला यूएसबी. नाव टेलॉस-बी.

"मामू, याच्यावर रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम चढवायचीय."

मी इतिहास वाचणारा माणूस, मला वाटलं रिअल-टाइम म्हणजे सुपरफास्ट. तसं नाही. रिअल-टाइम म्हणजे ठरलेलं काम ठरलेल्या मुदतीच्या आत होईलच, याची हमी. दिवेकरांना हा फरक समजावावा लागत नाही. २ जानेवारी २०१५ ला आमच्या स्टेशनात लोक रुळांवर उतरले, ते लोकल सावकाश धावते म्हणून नव्हे, वेळेवर येत नाही म्हणून.

या बोर्डाच्या जातीचा कोकणाशी जुना संबंध आहे, म्हणून मी त्याच्यात गुंतलो. आमचं गाव चिपळूणच्या पलीकडे. दिव्याहून सावंतवाडी पॅसेंजर धरायची हा आमचा सुट्टीचा रिवाज. त्याच मार्गावर वैभववाडीजवळ २२ जून २००३ च्या रात्री कारवारहून मुंबईला निघालेली सुट्टीची विशेष गाडी डोंगरातून रुळांवर आलेल्या दगडमातीवर आदळली. पन्नासहून जास्त माणसं गेली. पुढच्याच वर्षी, १६ जून २००४ ला, महाडजवळ करंजाडीला मत्स्यगंधा एक्सप्रेस दरडीमुळेच घसरली. तेव्हापासून पाऊस लागला की अम्मी आम्हाला रात्रीच्या गाडीने जाऊ देत नसे.

आयआयटी मुंबईत प्रा. उदय देसाई, प्रा. मर्चंट आणि त्यांचे विद्यार्थी यांनी मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांबरोबर २००५ मध्ये 'सेनस्लाइड' नावाची रचना मांडली. दरड कोसळण्याआधी खडकावरचा ताण वाढतो. तेव्हा खडक सरकण्याची वाट न पाहता तो ताणच मोजावा, आणि एका महागड्या यंत्राऐवजी स्वस्त स्ट्रेन गेज ठिकठिकाणी बसवून त्यांना बिनतारी जोडावं, ही कल्पना. काही बोर्ड बंद पडले तरी बाकीच्यांनी निभावून न्यावं. त्यासाठी त्यांनी निवडलेला बोर्ड हाच, टेलॉस-बी.

बोर्ड जन्मला अमेरिकेत, बर्कलीच्या विद्यापीठात, डेव्हिड कलर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांच्या हाती. याच गटाची टायनीओएस ही या बोर्डांवरची नेहमीची ऑपरेटिंग सिस्टिम. ती लहानशी, काटकसरी आणि हुशार होती, पण तिच्या मूळ रचनेत कामांना लहान-मोठं नव्हतं. हार्डवेअरची तातडीची सूचना मध्ये घुसू शकायची, बाकीची कामं मात्र रांगेने. आत गेलेलं काम संपल्याशिवाय दुसरं नाही. शेतातला ओलावा मोजायला हे पुरेसं आहे. डोंगराच्या बाबतीत मला ते पटत नाही. शेजारच्या बोर्डांचे निरोप पुढे ढकलण्यात हा गुंतला आणि ताण मोजायची वेळ टळून गेली, तर?

मग अग्रक्रम द्यावा. पण अग्रक्रमातही खड्डा असतो, आणि तो जगाने पाहिला थेट मंगळावर. ४ जुलै १९९७ ला तिथे उतरलेलं पाथफाइंडर यान काही दिवसांत आपोआप रीसेट होऊ लागलं. त्यावर व्हीएक्सवर्क्स ही रिअल-टाइम सिस्टिम होती. घोटाळा काय, ते समजायला दिव्याचं रेल्वे फाटक पुरेसं आहे. फास्ट गाडीचा मान सर्वांत मोठा. पण फाटकात एक रिक्षा अडकली आहे, तिला कोणी विचारत नाही. ती निघून गेली असती, पण तिच्यापुढे मोटारसायकलवाले घुसत राहतात. म्हणजे मोटारसायकलींनी फास्ट गाडी अडवली, गाडीशी काही देणंघेणं नसताना! पाथफाइंडरमध्ये रिक्षा होती हवामान मोजणारं खालच्या दर्जाचं काम. उपाय असा, की रिक्षा फाटकात आहे तोवर तिलाच फास्ट गाडीचा मान द्यायचा, म्हणजे मोटारसायकलवाले थांबतात. पृथ्वीवरून तशी दुरुस्ती पाठवली आणि यान सुधारलं.

हा उपाय १९९० मध्ये लुई शा, रघुनाथन राजकुमार आणि जॉन लेहॉत्स्की यांनी शास्त्रशुद्ध मांडला होता. गंमत म्हणजे याच राजकुमारांनी कार्नेगी मेलन विद्यापीठात आनंद ईश्वरन आणि अँथनी रो यांच्याबरोबर २००५ मध्ये, सेनस्लाइडच्याच साली, नॅनो-आरके ही सेन्सर बोर्डांसाठीची रिअल-टाइम सिस्टिम केली. तिला २ किलोबाइट रॅम आणि १८ किलोबाइट रॉम पुरायचं. आधी त्यांच्या स्वतःच्या फायरफ्लाय बोर्डावर, मग मायकाझेडवर.

भाच्याने घेतली होती फ्रीआरटीओएस. रिचर्ड बॅरी यांची ही सिस्टिम २००३ पासून कोणालाही फुकट मिळते. तिचा गाभा तीन फायलींचा, तो सगळीकडे सारखाच. एका चिपवरून दुसरीवर न्यायचं म्हणजे गाभ्याखालचा पातळ थर नवा लिहायचा. एक काम थांबवून दुसरं सुरू करताना प्रोसेसरच्या हातातलं सगळं बाजूला ठेवावं लागतं. इथे बारा रजिस्टर, स्थितीचं एक आणि पुढे कुठून सुरू करायचं तो पत्ता, एकूण २८ बाइट. प्रत्येक कामाला स्वतःचा स्टॅक हवा आणि अख्ख्या बोर्डात रॅम १० किलोबाइट. शिवाय रेडिओ सतत चालू ठेवला तर सेल आठवडाभरही टिकत नाहीत, आणि कोकणचा पावसाळा चार महिन्यांचा. म्हणजे बोर्डाने बहुतेक वेळ झोपायचं, पण सिस्टिमच्या घड्याळाचा ठोका त्याला सेकंदाला हजार वेळा उठवतो. यावर भाच्याचे आठ दिवस गेले. काम नसेल तेव्हा ठोकेच थांबवायचे आणि जाग आल्यावर हिशोब पुरा करायचा, अशी सोय त्याने बसवली.

मग ती भानगड. रात्रभर चालवलेल्या बोर्डाच्या नोंदी पुढे पळायला लागल्या. आमच्या भिंतीवर नमाजच्या वेळांचा तक्ता आहे. मगरिबच्या अजानला त्याने बोर्डाचं घड्याळ लावलं, दुसऱ्या दिवशी मगरिबला पाहिलं तर ते साडेचौतीस मिनिटं पुढे. (चौदाव्या शतकात दमास्कसच्या उमय्या मशिदीत इब्न अल-शातिर हे वेळेचे हिशोबनीस होते, मुवक्कित. त्यांच्यासारखी नजर घरात असती तर पहिल्याच संध्याकाळी कळलं असतं.) त्याने कोड तीनदा वाचला. रेडिओवर संशय घेतला, सेल बदलले. शेवटी चूक कागदावर सापडली. बोर्डातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. त्याचे हजार भाग केले तर ३२.७६८ येतात, पण कोडमधल्या पूर्णांकांच्या भागाकाराने दशांश टाकून दिले, राहिले ३२. म्हणजे सेकंदाला हजार नव्हे, १०२४ ठोके. दर हजारी २४ ठोक्यांची ही चोरी एका दिवसात २,०७३ सेकंदांवर जाते.

डोंगरावरच्या दोन बोर्डांत अशी तफावत असेल तर आधी कुठला खडक ताणला आणि मग कुठला, याचा क्रमच उलटा लागेल. कोकण रेल्वे आजही पावसाळ्यात वेगळं वेळापत्रक लावते आणि रुळांवरून माणसं गस्त घालतात.

भाच्याने सिस्टिमलाच सांगितलं की सेकंदात १०२४ ठोके धर. ही दोनाच्या पटीतली संख्या स्फटिकाला बरोबर भागते. दुसऱ्या दिवशी, या वेळी अजानवर न विसंबता मोबाइलच्या घड्याळाशी ताडून पाहिलं. दोन सेकंदांचा फरक होता.

"तेवढा स्फटिकाचाच असतो, मामू," तो म्हणाला, आणि सेल काढून ठेवले.