तळटीप १२ : एना शार्पल्स

१२. एना शार्पल्स : ही कोणी ऐतिहासिक स्त्री नव्हे, ग्रॅनाडा टेलिव्हिजनच्या ‘कॉरोनेशन स्ट्रीट’ (आरंभ ९ डिसेंबर १९६०) या मालिकेतील, मिशन हॉलची देखभाल करणारी, तिखट जिभेची ही वृद्धा. मँचेस्टर येथे जन्मलेल्या व्हायोलेट कार्सन (१८९८–१९८३) यांनी, नभोवाणीवर पियानोवादन आणि मुलांचे कार्यक्रम यांत पूर्वायुष्य व्यतीत केल्यावर, वयाच्या ६२ व्या वर्षी, म्हणजे इतरांनी पेन्शनीचा अर्ज गुजरावा अशा काळी, ही भूमिका पत्करून १९८० पर्यंत अशी काही वठविली की, १९६५ साली सरकारदरबारी ओ.बी.ई. हा किताब मिळूनही रयत त्यांना एना म्हणूनच ओळखीत राहिली. लेखकाने उल्लेखिलेली ‘केसांवरची जाळी’ याच पात्राची खूण होय.