डिंक्या रोग (संत्रा)

डिंक्या हा संत्रा, मोसंबी इत्यादी लिंबूवर्गीय झाडांना होणारा रोग आहे. तो फायटोप्थोरा या बुरशीसदृश सूक्ष्मजीवामुळे होतो. नागपूर जिल्ह्यातील नरखेड व काटोल हे तालुके संत्रा बागांसाठी प्रसिद्ध आहेत. भारी काळ्या जमिनीत पावसाचे पाणी साचल्यास रोगाचे बीजाणू पाण्यातून पोहत मुळांपर्यंत पोहोचतात.

लक्षणे

बुंध्याची साल कुजून तिच्यातून डिंक ओघळतो व पाने पिवळी पडतात. साल सभोवार कुजल्यास झाड वाळते.

नियंत्रण

रोगट साल खरवडून तेथे बोर्डो मलम लावतात. त्यासाठी मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो व पाणी १० लिटर घेतात. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर हे मलम बुंध्याला जमिनीपासून सुमारे १ मीटर उंचीपर्यंत लावतात. ते केवळ संरक्षक असून सालीत शिरलेला रोग बरा करीत नाही. मुळांच्या कुजेवर मेटॅलॅक्झिल-मँकोझेब किंवा फोसेटिल ही आंतरप्रवाही औषधे वापरतात. मात्र मेटॅलॅक्झिलच्या वारंवार वापराने रोगकारकात प्रतिकारशक्ती निर्माण होते.

पाण्याचा निचरा न झाल्यास रोग पुन्हा उद्भवतो. म्हणून उतारानुसार चर काढणे, बुंध्याला पाणी लागू न देणे, कलमाचा सांधा जमिनीच्या बराच वर ठेवणे आणि जंबेरीऐवजी अधिक सहनशील रंगपूर लिंबाचा खुंट वापरणे हे उपाय औषधांइतकेच आवश्यक ठरतात.