व्हेसिक्युलर स्टोमॅटायटिस विषाणू आणि त्याच्या वंशातला चांदीपुरा विषाणू

व्हेसिक्युलर स्टोमॅटायटिस हा घोडे, गाई-बैल आणि डुकरे यांना होणारा संसर्गजन्य आजार आहे. ‘व्हेसिकल’ म्हणजे पाण्याने भरलेला फोड आणि ‘स्टोमॅटायटिस’ म्हणजे तोंडाच्या आतला दाह. हा आजार मुख्यतः अमेरिका खंडांत आढळतो आणि माणसाला त्याचा फारसा धोका नसतो. मात्र याच वंशातला चांदीपुरा विषाणू नागपूरजवळ सापडला आणि तो लहान मुलांसाठी जीवघेणा ठरतो. त्यामुळे या विषाणूंवरचे संशोधन आपल्यासाठीही महत्त्वाचे आहे.

जनावरांमधला आजार

लागण झालेल्या जनावराच्या जिभेवर, हिरड्यांवर, सडांवर आणि खुरांच्या कडेला फोड येतात. ते फुटले की जखमा होतात. तोंडातून लाळ गळते, जनावर चारा खात नाही, लंगडते आणि दुभत्या गाईचे दूध कमी होते. बहुतेक जनावरे सुमारे दोन आठवड्यांत बरी होतात.

तरीही पशुवैद्यक या आजाराकडे दुर्लक्ष करत नाहीत. गाई आणि डुकरांमध्ये त्याची लक्षणे लाळ्या-खुरकूत रोगासारखीच दिसतात. नुसते पाहून फरक सांगता येत नाही. प्रयोगशाळेत तपासणी करावी लागते. एक खूण मात्र उपयोगी पडते. लाळ्या-खुरकूत घोड्यांना होत नाही, हा आजार होतो.

वाळूमाश्या, काळ्या माश्या आणि बारीक चिलटे यांच्या चाव्यातून, तसेच आजारी जनावराच्या लाळेतून किंवा फोडांतल्या पाण्यातून हा विषाणू पसरतो. जनावरे हाताळणाऱ्या किंवा प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माणसाला क्वचित लागण झालीच, तर फ्लूसारखा ताप येऊन काही दिवसांत उतरतो.

विषाणूची रचना

हा विषाणू बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा असतो. तो रॅब्डोव्हिरिडी या कुळात मोडतो. रेबीजचा विषाणूही याच कुळातला आहे. त्याची जनुकीय माहिती आरएनएच्या एका धाग्यात, सुमारे ११ हजार अक्षरांत साठवलेली असते. त्यात फक्त पाच मुख्य जनुके आहेत. त्यांपैकी ‘जी’ जनुकापासून बनणारे प्रथिन विषाणूच्या पृष्ठभागावर काट्यांसारखे दिसते. पेशीला चिकटून आत शिरण्याचे काम हेच प्रथिन करते.

संशोधनातले महत्त्व

हा विषाणू प्रयोगशाळेत सहज आणि भरपूर वाढतो, म्हणून अनेक दशके संशोधकांनी त्यावर काम केले. १९७० मध्ये डेव्हिड बाल्टिमोर, ॲलिस हुआंग आणि मार्था स्टॅम्फर यांनी दाखवले की, आरएनएची नक्कल करणारे विकर हा विषाणू स्वतःबरोबरच घेऊन पेशीत येतो. १९९५ मध्ये डीएनएच्या साहाय्याने हा विषाणू प्रयोगशाळेत तयार करणे शक्य झाले. त्यामुळे त्याच्या जनुकांत हवा तसा बदल करता येऊ लागला.

याचा सर्वांत मोठा उपयोग इबोलाच्या लसीसाठी झाला. कॅनडातील विनिपेगच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत संशोधकांनी या विषाणूचे ‘जी’ जनुक काढून त्या जागी इबोला विषाणूच्या पृष्ठभागावरील प्रथिनाचे जनुक बसवले. शरीराला इबोलाची ओळख पटते, पण लसीत संपूर्ण इबोला विषाणू नसल्याने तो आजार होत नाही. २०१५ मध्ये गिनी देशात रुग्णांच्या संपर्कातील लोकांना ही लस देऊन चाचणी झाली आणि तिने चांगले संरक्षण दिल्याचे दिसले. २०१९ मध्ये युरोपीय संघ आणि अमेरिकेत तिला मान्यता मिळाली.

चांदीपुरा विषाणू

१९६५ मध्ये नागपूर भागात तापाची साथ आली असताना पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, रुग्णांच्या रक्तातून एक नवा विषाणू वेगळा केला. चांदीपुरा या ठिकाणावरून त्याला नाव मिळाले. पुढची जवळपास चार दशके तो मोठ्या साथीचे कारण मानला गेला नाही.

२००३ मध्ये आंध्र प्रदेशात मुलांमध्ये मेंदूज्वराची साथ पसरली. नोंद झालेल्या ३२९ मुलांपैकी १८३ दगावली. पुण्यातील तपासणीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली या कुळाचे विषाणू दिसले आणि पुढील चाचण्यांत तो चांदीपुरा असल्याचे निष्पन्न झाले. त्यानंतर गुजरात आणि विदर्भातही साथी आल्या. २०२४ च्या जूनपासून १५ ऑगस्टपर्यंत भारतात तीव्र मेंदूज्वराचे २४५ रुग्ण नोंदले गेले, त्यांपैकी ८२ जणांचा मृत्यू झाला. यातल्या ६४ रुग्णांमध्ये चांदीपुराची खात्री झाली.

हा आजार मुख्यतः १५ वर्षांखालील मुलांना होतो. अचानक तीव्र ताप, उलट्या, झटके आणि बेशुद्धी असा त्याचा क्रम असतो. काही मुलांचा मृत्यू लक्षणे दिसल्यापासून एक-दोन दिवसांतच होतो. त्याच्यावर खास औषध किंवा वापरात असलेली लस नाही. झटके थांबवणे, श्वास आणि रक्तदाब सांभाळणे, मेंदूची सूज कमी करणे हाच उपचार असतो.

काळजी कशी घ्यावी?

चांदीपुरा मुख्यतः वाळूमाशीमार्फत पसरतो. ही माशी डासापेक्षा लहान असून मातीच्या भिंतींच्या भेगांत, गोठ्यात आणि ओलसर केरकचऱ्यात आढळते. ती साध्या मच्छरदाणीच्या छिद्रांतूनही आत येऊ शकते. म्हणून बारीक जाळीची, शक्यतो कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी वापरावी. भेगा लिंपाव्यात, गोठा कोरडा व स्वच्छ ठेवावा आणि संध्याकाळनंतर मुलांना अंगभर कपडे घालावेत.

पावसाळ्यात मुलाला तीव्र तापाबरोबर झटके आले किंवा ते गुंगीत जाऊ लागले, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता लगेच रुग्णालयात न्यावे. इबोलाच्या लसीसाठी या विषाणूच्या जवळच्या नातेवाइकाचा उपयोग झाला. चांदीपुरावरील लस मात्र अजून मुलांपर्यंत पोहोचलेली नाही. तोवर मुलाला वेळेवर रुग्णालयात पोहोचवणे हाच मोठा आधार आहे.